गिरजेचं कार्ड नव्हतं

लुगड्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं गिरजेच्या. ओलं नऊवारी लुगडं चांगलं जड असतं. एका माणसाकडून ते पिळलं जात नाही. आमच्या घरी हे काम रोज सकाळी दोघांचं. मी माझं टोक घट्ट धरून उभा राहायचो आणि ती तिच्या बाजूनं पीळ देत जायची. पाणी दगडावर गळून संपलं की मग मला नोकरीवर जायची मोकळीक.

त्या दिवशी पीळ अर्ध्यातच ढिला पडला.

"नीट धर ना वं," मी म्हटलं.

"धरलं तं आहे," ती म्हणाली. आणि टोक तिच्या हातून सुटलं.

लुगडं गरगर उलटं फिरलं, पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी चिडलो. पाहतो तर ती ओट्यावर बसलेली. एक हात छातीशी. कपाळावर घाम. थंडीचे दिवस होते. थंडीत असा घाम आला म्हणजे काय, हे दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

"काहून वं? काय होते?"

"काही नाही. लुगडं दोरीवर टाका आधी. मातीत पडलं तं पुन्हा धुवा लागन."

मी ते टाकलं. अर्धं पिळलेलं, तसंच. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम, तेही अर्धंच. आता मी धोतर पिळतो तेव्हा एक टोक खुंटीला अडकवतो. खुंटी धरून ठेवते, पण बोलत नाही.

मी डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही. चौथी शिकलेला माणूस. आमची जात कोष्ट्याची, बाप हातमागावर मेला. मला माग नको होता, म्हणून खटपट करून विम्याच्या दवाखान्यात शिपाई लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. नागपुरात मिलचा भोंगा जोरात वाजत होता तेव्हाची ही गोष्ट.

विमा म्हणजे मिल-कामगारांचा विमा. कामगाराच्या पगारातून थोडी कपात व्हायची, थोडं मालक घालायचा, त्यावर दवाखाना चालायचा. ज्याची कपात होते तो विमेवाला. त्याला एक कार्ड मिळायचं. कार्डावर नंबर, आणि खाली बायको-पोरांची नावं. माझी जागा खिडकीवर. रोग्यानं कार्ड दाखवायचं, मी नंबर पाहून मागच्या फळीवरून त्याचा कागद काढायचा. कागद आत डॉक्टरकडं जायचा, त्याच्या मागून माणूस. कागदाच्या आधी माणूस आत गेला, असं होत नसे.

म्हणून खिडकीतून माझा पहिला शब्द एकच. "कार्ड?" समोरचा तापानं फणफणलेला असो, खोकून खोकून वाकलेला असो, मागावरचा सूत नेणारा टोकदार धोटा उडून भुवई फुटलेली असो. "कार्ड?" लोक मला नावानं ओळखत नसत. मी कोपऱ्यावरून येताना दिसलो की रांगेतून आवाज यायचा, "चला बे, कार्ड आलं."

शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पैसा त्यांचा, औषध त्यांचं. कोणीही येऊन बाटली भरून नेली असती तर खऱ्या विमेवाल्याला रंगीत पाणी उरलं असतं.

आणि लोक काही साधे नव्हते. भाऊ, भाचा, शेजारी, सगळ्यांना कार्डावर चढवून आणायचे. सगळ्यात जास्त चालायची खोटी बायको. ती ओळखायची माझी एक रीत होती. मी त्या बाईला म्हणायचो, "नवऱ्याचं नाव घ्या." आमच्याकडं त्या काळात बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. खरी बायको मान खाली घालायची, पदर तोंडात धरायची, नवऱ्याकडं पाहून "यायलेच विचारा ना" म्हणायची. खोटी बायको धाडकन नाव सांगून मोकळी.

दौलत म्हणून एक विणकर होता. मिलमध्ये मागावर. जीभ त्याची कात्रीसारखी. त्यानं एकदा मेहुणीला बायको म्हणून आणलं.

"नाव?"

"कमळा," ती म्हणाली. कार्डावर कमळाच होतं. पढवून आणलेली.

"नवऱ्याचं नाव घ्या."

"दौलत भाऊजी!"

सगळी रांग हसली. दौलतनं डोक्याला हात लावला. "मर वं तू," तो मेहुणीला म्हणाला, आणि मला म्हणाला, "कार्डा, तुह्या घरी कोणी बिमार पडन तवा पाहीन तुले." त्यानंतर तो मला रोज टोमणे मारायचा. मीही त्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी उलटून पाहायचो.

असो. गिरजा ओट्यावर बसलेली.

गल्लीतून इतवारीच्या बाजाराकडं जाणारा भांड्यांचा ठेला चालला होता. मी हात केला. ठेलेवाल्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता पितळी गंज-पातेली, पराती सगळं आमच्या ओट्यावर उतरवून ठेवलं. शेजारणीनं चादर टाकली. गिरजेला झोपवलं.

"कुठं घेऊ?" तो म्हणाला.

"विम्याच्या दवाखान्यात."

अर्धा रस्ता गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. गिरजेचं कार्ड नव्हतं. माझंच नव्हतं तर तिचं कुठून? आम्ही दवाखान्यातले नोकर सरकारी. आमच्या पगारातून विम्याची कपात नव्हती, म्हणून आम्ही विमेवाले नव्हतो. आम्ही जायचं मोठ्या सरकारी दवाखान्यात, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण पाय रोज जिकडं जात होते तिकडंच गेले. आणि जवळ तोच होता. ठेला वळवून तिकडं न्यायचं म्हटलं तर गिरजा पोचली नसती. मी म्हटलं, चल सरळ.

दवाखान्यापुढं रांग लागलेली. खिडकीचं पत्र्याचं झाकण बंद. त्याची किल्ली माझ्या खिशात. त्यामुळं कागद नाही, कागद नाही म्हणून रोगी आत नाही.

"आलं, कार्ड आलं!" दौलत पुढंच उभा होता. हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त आलेलं. "काहून गा, भोंगा ऐकू नाही आला का आज? सासुरवाडीले गेलता?"

मग त्याला ठेला दिसला. तो बाजूला झाला, ठेल्याला वाट दिली.

दारात मोठे बाबू उभे होते. आमचे हेड क्लार्क. भोसल्यांच्या काळापासून कारकुनी करणाऱ्या घरातले, अक्षर मोत्यासारखं, आणि वरच्याला भिणारे. "शिवराम, अरे ही काय वेळ—" ते म्हणाले, आणि थांबले.

"बाबू, माझी घरवाली आहे."

"ते दिसतंय रे. पण लिहू काय? आपल्या लोकांना नंबर नसतो. तपासणीला साहेब येणार आहेत या आठवड्यात. नंबराशिवाय एक सुईसुद्धा टोचता येत नाही, तुला मी सांगायला पाहिजे का?"

मला सांगायला नको होतं. हेच मी रोज बोलत होतो. माझ्याच तोंडातले शब्द माझ्यापुढं उभे. मी ठेल्याचा दांडा धरून उभा राहिलो.

तेवढ्यात दौलत म्हणाला, "बाबूजी, माह्या कार्डावर लिहा."

"काय?"

"माही बायको आहे ते. लिहा. कमळा." त्यानं धड असलेल्या हातानं कार्ड बाबूंच्या नाकापुढं धरलं.

"अरे, मी हिला ओळखतो! ही शिवरामची—"

"नवऱ्याचं नाव विचारा तिले!" दौलत ओरडला. "ह्या कार्डाचा कायदाच आहे. विचारा! पाहा, घेते का? नाही घेत. मंग खरी बायको आहे, माही!"

मागून रहेमानभाई पुढं आले. तेही विणकर, मोमिनपुऱ्यातले, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यांनी आपलं कार्ड दौलतच्या कार्डावर ठेवलं. "इसका छोडो बाबूजी, इसका खाता पहलेसेच खराब है. मेरी घरवाली लिखो."

बाबूंनी गिरजेच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडं पाहिलं. मग रहेमानभाईंच्या दाढीकडं. "रहेमानभाई, नाव काय लिहू मी? गिरजा?"

"लिखो ना. मेरी मर्जी, मैं क्या नाम रखूं."

आणखी एकदोघांनी कार्डं पुढं केली. कोणी म्हणे बहीण लिहा, कोणी म्हणे आई लिहा. मोठ्या बाबूंच्या हातात कार्डांचा गठ्ठा झाला. आणि ठेल्यावरून गिरजेचा आवाज आला. बारीक, पण मला ऐकू आला.

"अजी."

मी वाकलो.

"एवढे नवरे झाले मले," ती म्हणाली. "आता जाऊ कोणाच्या घरी?"

मला हसू आलं. अशा वेळी येऊ नये, पण आलं.

गलबला ऐकून डॉक्टर बाई बाहेर आल्या. रोगी येत नाहीत म्हणून त्या तशाही उठल्याच होत्या. वयानं लहान, माझ्या पोरीच्या वयाच्या, पोरगी असती तर. बोलणं कमी.

"बाई, हिला नंबर नाही," मोठे बाबू म्हणाले.

"हिला घाम आहे," बाई म्हणाल्या. "आत घ्या."

संपलं. एवढ्या बोलण्यानं सगळं संपलं. दौलतनं एका हातानं आणि रहेमानभाईंनी दोन्ही हातांनी चादर उचलली. ठेलेवाला डोक्याकडं. मी नुसता मागून गेलो. बाईंनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची टाकी ओढून आणली. मोठे बाबू दारात उभे होते. त्यांनी टाकीची चावी स्वतः फिरवून दिली. वहीत काय लिहायचं ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी हे लिहितो, कारण लोक बाबू लोकांबद्दल एकच बाजू सांगतात.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हृदयाचा झटका आहे. मोठा आहे. इथं माझ्याकडं एवढंच होतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवं. तिथं कार्ड लागत नाही."

दवाखान्याची गाडी अंगणात उभी होती. पण गाडीही विम्याची. ड्रायव्हरनं वही काढली. "बाई, पेशंटचा नंबर टाकल्याबिगर गाडी गेटबाहेर काढली तं माही नोकरी जाते."

"डॉक्टरला न्यायला नंबर लागतो?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग मी जाते आहे. ही माझ्यासोबत आहे."

ड्रायव्हरनं वही बंद केली.

गाडीत बसायच्या आधी बाई रांगेकडं वळल्या. "मी गेले तर आज दुसरे डॉक्टर नाहीत," त्या म्हणाल्या. "कोणाला सर्टिफिकेट मिळणार नाही."

हे काय ते समजून घ्या. कामगार आजारी पडून मिलमध्ये गेला नाही तर त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. ते असलं तर विम्यातून थोडा पगार मिळतो. नसलं तर दिवस बुडाला, आणि बदली कामगार असला, म्हणजे कायम नसलेला, तर कधी कधी जागाही बुडाली. ती रांग औषधासाठी होती त्याहून जास्त त्या कागदासाठी होती. आणि ह्याच रांगेला पाच मिनिटं उशीर झाला तरी खिडकीचा पत्रा वाजवताना मी पाहिलं होतं.

कोणी पत्रा वाजवला नाही. दौलत आपला रक्ताचा हात दुसऱ्या हातात धरून म्हणाला, "जा बाई तुमी. आमी कुठं मरून राहिलो?"

गाडी निघाली.

मोठ्या सरकारी दवाखान्यातही खिडकी होती. खिडकी कुठं नसते? पण तिथल्या बाबूनं कार्ड विचारलं नाही. तो लिहीत होता आणि गिरजा स्ट्रेचरवर माझ्या बाजूला होती.

"नाव?"

"गिरजा," मी म्हटलं.

"नवऱ्याचं नाव?"

आता हे मलाच सांगायचं. माझंच नाव. मी गिरजेच्या अंगावरची चादर सारखी करत राहिलो. बाबूनं पेन थांबवलं. डॉक्टर बाई माझ्याकडं पाहत होत्या.

"शिवराम," गिरजा म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. लग्न झाल्यापासून माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मंगळागौरीत नाही, डोहाळजेवणाची वेळ आमच्यावर आली नाही, भांडणात तर नाहीच. मी वाकून तिच्याकडं पाहिलं.

"माह्या खिडकीवर असं घेतलं असतं," मी म्हटलं, "तं खोटी बायको म्हणून परत पाठवलं असतं तुले."

"म्हणून तं तिथं नाही घेतलं," ती म्हणाली.

तिला खाट मिळाली, खिडकीजवळची. डॉक्टर आले, त्यांना करता येतं ते त्यांनी केलं. आमच्या बाई दुपार टळेपर्यंत थांबल्या. गिरजा थोडं पाणी प्याली, माझ्या हातून. दोरीवरचं लुगडं उलटून टाकायला शेजारणीला सांगा म्हणाली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "दारात वेळ गेला म्हणून ती गेली, असं कधी मनात आणू नका. वेळ गेलाच नाही. झटकाच मोठा होता." मी नुसते हात जोडले. पण ते वाक्य मी आजपर्यंत सांभाळून आहे. माझ्या उमरीचे कितीतरी लोक आहेत, ज्यांचं माणूस कुठल्या ना कुठल्या काउंटरसमोर गेलं. ते अजून हिशेब लावत बसतात, अमुक विचारलं नसतं तर, तमुक कागद असता तर. मला तो हिशेब लावावा लागला नाही. हे मला दिलं कोणी? एका बाईनं, एका ठेलेवाल्यानं, आणि ज्यांची कार्डं मी उलटसुलट करून पाहत होतो त्या माणसांनी. त्यांचं कार्ड शेवटी लागलं नाही, ही गोष्ट वेगळी. त्यांनी काढलं तर होतं.

त्याच रात्री घाटावर दुसऱ्या पाळीची माणसं पाळी सोडून आली. दौलतनं एका हातानं खांदा दिला. रहेमानभाई शेवटपर्यंत थांबले आणि मला घरापर्यंत आणून सोडलं. ठेलेवाला तेव्हाच कधीतरी येऊन आपली भांडी घेऊन गेला होता. त्याचं नावही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला तेव्हा मी जागाच होतो. माझी बहीण रात्रीच कुहीहून आली होती. मी सदरा घातला आणि खिशात हात गेला. खिडकीची किल्ली.

"कुठं चालले गा दादा?" बहीण म्हणाली. "सुतक आहे. लोक काय म्हणतीन?"

"किल्ली द्यायची आहे. रांग उभी असन."

अंगणात लुगडं दोरीवर होतं, वाळलेलं. पीळ अर्धा तसाच राहिला होता, त्याच्या सुरकुत्या दिसत होत्या. मी त्याला हात लावला नाही.

रांग उभी होती. कालचेच लोक, ज्यांचा दिवस काल बुडाला ते. मला पाहून "कार्ड आलं" असं कोणी म्हटलं नाही. बाजूला सरकून वाट दिली. मोठे बाबू खिडकीशीच होते. म्हणाले, "अरे, तू कशाला आलास? दे इकडे, मी उघडतो." त्यांनी किल्ली फिरवली, पण ते झाकण तसं उघडत नाही. खालून उचलून गुडघ्यानं धक्का द्यावा लागतो. ते त्यांना कुठून माहीत असणार? मी आत गेलो, धक्का दिला, उघडलं. उघडल्यावर समोर दौलत. आता उघडलंच होतं, तर मी स्टुलावर बसलो.

दौलतनं सवयीनं कार्ड वर धरलं.

"ठेव खाली," मी म्हटलं. "काय होते ते सांग."

तो माझ्याकडं पाहतच राहिला. "आधी कार्ड पाह्य ना गा."

"पाहीन. काय होते?"

मागून मोठे बाबू हळूच म्हणाले, "शिवराम, असं एकेकाला विचारत बसलास तर रांग संध्याकाळपर्यंत जाणार नाही."

ते खरं नव्हतं. पुढं रिटायर होईपर्यंत मी तसंच विचारलं आणि रांग काही हळू झाली नाही. उलट कोणाला आधी आत पाठवायचं आणि कोण थांबू शकतो, ते खिडकीवरच कळायला लागलं. विचारायला वेळ लागत नाही. ऐकायला थोडा लागतो. पण हे मला मागून समजलं. त्या सकाळी मला एवढं डोकं नव्हतं. त्या सकाळी तोंडातून तेच निघालं, बस.

दौलतनं फडकं सोडलं. बोटं सुजून काळीनिळी झाली होती, जखम कालपासून तशीच. "धोटा लागला," तो म्हणाला. "रातभर ठणकून राहिलं गा. तुले काय सांगू."

"सांग ना," मी म्हटलं.

त्यानं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आता दाखव कार्ड."